पोलीस ठाण्यातील अभ्यासक



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण हरणीच्या या आवारात जमलो आहोत, ते निबंध परत करताना विचारीत, "हे तू पाहिलेस, की नुसते वाचलेस?" गुन्ह्यांचा अभ्यास करणारे आणि गुन्हे रोज हाताळणारे यांनी एकत्र का बसावे, याचे उत्तर मला त्या प्रश्नात दिसते.

मुंबईत ते एकत्र बसले. टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 साली मुंबई पोलिसांच्या सहकार्याने, पोलीस आयुक्तांच्या कार्यालयातच, स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. आदल्याच वर्षी तेव्हाच्या दंड संहितेत 498 अ हे कलम आले होते. पण ठाण्याची पायरी चढलेल्या बाईचे कुणी व कसे ऐकावे, हे कलमात लिहिलेले नसते.

वकिलीच्या उमेदवारीत मी एका ठाण्याची अदखलपात्र गुन्ह्यांची नोंदवही चाळली होती. 'घरगुती वाद, समज दिली,' एवढ्यावर एकेक प्रकरण मिटलेले. बाई याआधी किती वेळा आली होती, घरी परतल्यावर तिचे काय झाले, याला वहीत रकानाच नव्हता. दोष हवालदाराचा, असे मी आजही म्हणणार नाही. शिकवले तेच तो लिहीत होता.

विशेष कक्षातील समाजकार्यकर्ती नेमकी या उणिवेपाशी बसली. स्त्रीचे म्हणणे तिच्याच शब्दांत ऐकायचे, तिला काय हवे ते आधी विचारायचे, सासरच्यांना बोलावून घ्यायचे, गरज पडल्यास गुन्हा नोंदला जावा म्हणून पाठपुरावा करायचा. पोलिसांचा एक निरोप काय करू शकतो, हे तेथे अभ्यासकांना समजले. आणि समज देणे म्हणजे प्रकरण संपणे नव्हे, हे पोलिसांना.

अडचणही तेथेच होती. जागा पोलिसांची, कार्यकर्ती संस्थेची. उणीव बोलून दाखवावी तर दार बंद होण्याची धास्ती. गप्प राहावे तर मग अभ्यास कसला? पुढे राज्य शासनाने हे कक्ष स्वीकारले, ते जिल्ह्याजिल्ह्यांत गेले. विस्तार झाला याचा आनंद आहे. परंतु पगार देणाऱ्याविषयी खरे लिहिणे सोपे नसते, ही शंका मला सोडीत नाही.

आपल्या बडोद्याच्या विद्यापीठातही समाजकार्याची विद्याशाखा आहे. तेथील एखादा विद्यार्थी उद्या ठाण्यात बसणार असेल, तर त्याची वही कुणाच्या ताब्यात राहील आणि ती कोण वाचेल, हे पहिल्याच दिवशी लेखी ठरवून घ्यावे, एवढी माझी सूचना आहे.