इझमीरमधील आमचे बिऱ्हाड
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



"प्रवासातले काहीतरी सांगा," अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. आपल्या मंडळात चारी धाम केलेल्या आहेत, मुलांकडे अमेरिकेत सहा-सहा महिने राहून आलेल्या आहेत. मी परदेशी गेले ती जन्मात एकदाच, २०१५ साली, तुर्कस्तानला. त्यातलेही आठ दिवस एकाच गावात, एका स्वस्त हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावर काढले. त्याचे काय सांगायचे? तर चिटणीसबाई म्हणाल्या, "तेच सांगा." तेव्हा तेच सांगते.

आम्ही दोघी होतो, मी आणि माझ्या वन्सं. वन्संचा मुलगा तेव्हा मालवाहू जहाजावर इंजिनियर होता. नऊ महिने समुद्रावर काढून तो सप्टेंबरात इझमीर बंदरात उतरणार होता. आईची साठी झाली, तिला काहीतरी दाखवावे, म्हणून त्याने तिला आणि सोबतीला मला तिकडेच बोलावून घेतले. तिथून तिघांनी इस्तंबूल पाहायचे आणि परतायचे, असा बेत. बंदराजवळच्या एका झकपक हॉटेलात त्याने दोन रात्रींची खोली घेऊन ठेवली होती. आम्ही पोचलो, आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा निरोप आला की जहाज मागच्या बंदरात अडकले आहे, आठवडा तरी मोडेल. त्या हॉटेलचे एका रात्रीचे भाडे म्हणजे आमच्या घरचा महिन्याचा किराणा! वन्सं म्हणाल्या, "पोर तिकडे इंजिनाच्या धगीत राबते आहे आणि आपण त्याच्या जिवावर गालिचे तुडवायचे? स्वस्त जागा बघ."

इझमीर हे तुर्कस्तानातले तिसरे मोठे शहर. इतिहासात आपण ज्याला स्मर्ना म्हणून वाचतो ते हेच. समुद्र जमिनीत खोलवर शिरला आहे, आणि त्याच्या काठाने फिरायला लांबच लांब फरसबंद रस्ता आहे, त्याला कोर्दोन म्हणतात. कोनाक चौकात १९०१ सालचा एक सुबक घड्याळाचा मनोरा आहे. सारी चित्रे त्याचीच निघतात. पण स्वस्त हॉटेलांची वस्ती आपल्याकडच्याप्रमाणे तिथेही स्टेशनाजवळ. त्या भागाचे नाव बस्माने. पूर्वी तिथे छिटाचे कापड छापण्याचे कारखाने होते, त्यावरून ते पडले म्हणतात. शिवणाच्या बाईला तेवढ्यानेच ते गाव आपले वाटू लागले. त्या शहरात गल्ल्यांनाही नावांऐवजी नंबर असतात. एक हजार दोनशे कितव्या तरी गल्लीत, जुन्या वाड्यांची हॉटेले केली आहेत, तिथे आम्ही बॅगा ओढत गेलो.

मॅनेजर पन्नाशीचा, मिशाळ. त्याचा मुलगा थोडे इंग्रजी बोले. खोलीचे त्याने ऐंशी लिरा सांगितले, वन्संनी सरळ मराठीत घासाघीस करून साठावर आणले. तेव्हा लिरा म्हणजे आपले सुमारे २२ रुपये. सौदा पटल्यावर त्याने छातीवर हात ठेवला आणि आमच्याकडे बोट दाखवून म्हणाला, "मिसाफिर." वन्सं म्हणाल्या, "अगं, मुसाफिर म्हणतोय!" पुढे त्याच्या मुलाने उलगडा केला. शब्द तोच, पण त्यांच्याकडे त्याचा अर्थ प्रवासी नव्हे, पाहुणा. असे आपले-त्यांचे शब्द मग आम्ही मोजतच बसलो. साबून, पेर्दे, हेसाप, दुक्क्यान, इन्जिर. इन्जिर म्हणजे अंजीर. ते तर त्या गावचे वैभवच, तिथल्या बंदरातून त्यांनी जगभर प्रवास केलेला आहे. बाजारात टोपल्याच्या टोपल्या भरलेल्या असत.

खोलीचे काय वर्णन करू? दोन लोखंडी खाटा, एक डुगडुगते टेबल, आणि खिडकीतून दिसणारी समोरच्या घरातल्या मिरच्यांची माळ. चादरी मात्र अशा पांढऱ्याशुभ्र की आपल्या धोब्याने लाजावे. न्हाणीघर मजल्याला एक, बोळाच्या टोकाला. तिथे वरून पाण्याची फवारणी तेवढी. वन्संची अंघोळ बादलीवाचून होत नाही. हातवारे करकरून झाले, तेव्हा झाडलोट करणाऱ्या बाईने एक कोरी बादली आणि हमामातली पसरट वाटी आणून दिली आणि दारात उभी राहून हसली. ही बाई चांगली साठीची होती. काम करणाऱ्या माणसाला तिकडे जाता-येता "कोलाय गेल्सिन" म्हणतात, म्हणजे तुझे काम सोपे जावो. हे मला फार आवडले. आपल्याकडे भांडी घासणाऱ्या बाईला आपण "आटपलं का?" एवढेच विचारतो.

सकाळची न्याहारी भाड्यातच. ऑलिव्ह, पांढरे चीज, काकडी, टोमॅटो, हवा तेवढा पाव, आणि कमरेत बारीक असलेल्या काचेच्या पेल्यातून बिनदुधाचा चहा. दुपारी मसुरीचे चोर्बा, म्हणजे आपला शोरबाच. "एत्सिझ" हा शब्द मी पहिल्याच दिवशी पाठ केला. एत्सिझ म्हणजे मांसावाचून. बॉयोझ नावाचा एक पापुद्र्यांचा पाव तिथे मिळतो. पाचशे वर्षांपूर्वी स्पेनमधून हाकलून दिलेल्या यहुदी लोकांनी तो तिकडे नेला. मॅनेजरची आजी क्रीट बेटावरची. १९२३ साली ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी करार करून माणसांची अदलाबदल केली, इकडचे ख्रिस्ती तिकडे, तिकडचे मुसलमान इकडे, त्यात ती आली. तिला म्हणे मरेपर्यंत धड तुर्की आले नाही, ग्रीकच बोले. आणि त्याच्या आदल्या सप्टेंबरात, १९२२ साली, या शहराला आग लागून ग्रीक आणि आर्मेनियन वस्ती जळून गेली. त्या राखेवर पुढे मोठी बाग केली, ती आमच्या हॉटेलपासून पायी दहा मिनिटांवर. वन्सं तिथे बाकावर बसून जप करीत. आम्ही आगगाडीने एफेसस पाहून आलो, मोठमोठे दगडी खांब आहेत, पण ते पुस्तकातही वाचायला मिळेल.

आता शेजाऱ्यांचे सांगते. खरे सांगायचे ते हेच.

आम्ही दोघी सोडल्या तर ते सारे हॉटेल सिरियातून पळून आलेल्या माणसांनी भरले होते. एकेका खोलीत सात-सात, आठ-आठ. ज्यांना खोलीचेही जमत नव्हते ती कुटुंबे स्टेशनासमोरच्या मशिदीच्या अंगणात, रस्त्याच्या कडेला निजत. त्या वर्षी आठ लाखांहून अधिक माणसे तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरून समुद्र ओलांडून ग्रीसला गेली, आणि त्यांतल्या पुष्कळांचा मुक्काम बस्मानेत पडे. पलीकडची बेटे किनाऱ्यावरून डोळ्यांना दिसतात. चेश्मे गावाहून तिकीट काढून रोजची बोट जाते. पण ती कागदपत्रे असलेल्यांसाठी. या लोकांकडून दलाल माणशी हजार-बाराशे डॉलर घेत आणि रात्री रबराच्या होडीत कोंबत. आम्ही पोचण्याच्या थोडेच दिवस आधी, २ सप्टेंबरला, बोद्रुमजवळ एका लहानग्याचे प्रेत वाळूवर लागले होते. ते छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले.

बस्मानेच्या दुकानांतून जोड्यांच्या आणि कपड्यांच्या बरोबरीने नारिंगी जाकिटे टांगलेली होती, पाण्यात तरंगवणारी. थोरांची, आणि मुलांचीसुद्धा. फुगेही विकायला होते. मला वाटले पोरांसाठी. तर ते मोबाईल घालून तोंड बांधायला, पाणी शिरू नये म्हणून.

आमच्या शेजारच्या खोलीत हलबची एक बाई होती. नकाशात आपण अलेप्पो वाचतो ते हलब. शाळेत शिकवीत असे, त्यामुळे माझ्याइतके मोडके इंग्रजी तिला येई. सात वर्षांची मुलगी, तीन वर्षांचा मुलगा, आणि दीर. नवरा पुढे जर्मनीत पोचलेला. एकदा तिच्या मुलीच्या फ्रॉकची पट्टी उसवलेली दिसली. माझ्या पिशवीत सुईदोरा असतोच. बोळात बसूनच मी ती घालून दिली. तिने टाके पाहिले, बोट फिरवले आणि विचारले, "टीचर?" मी म्हटले, हो, मुलींना शिवण शिकवते. झाले. त्या दिवसापासून बायकांची रीघ लागली. कुणाची बाही, कुणाचा नाडा. वन्सं म्हणत, "इथेही वर्ग काढलास वाटतं!" आणि काजे मात्र त्याच करून देत.

पाचव्या दिवशी ती बाई दारात आली. म्हणाली, "आम्हांला जाकिटे घ्यायची आहेत. तुम्हांला शिवण कळते. बरोबर येता?"

गेले मी. दुकान जोड्यांचे होते. दुकानदाराने चार जाकिटे पुढ्यात टाकली. मी ती उलटीसुलटी करून पाहिली. शिवण दुहेरी होती, टीप बारीक आणि सरळ. पट्ट्याच्या टोकाला चौकोन घालून आत फुली मारलेली. मी पट्टा दोन्ही हातांनी ओढून पाहिला, जरासुद्धा सरकला नाही. आतले भरण दाबले, उशीसारखे मऊ लागले. एका नावाजलेल्या कंपनीचे लेबल होते. मुलीच्या जाकिटावरचे ते किंचित तिरके शिवलेले होते. ते माझ्या नजरेला आले आणि कारागिराची घाई म्हणून मी सोडून दिले. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी म्हटले, "गुड. व्हेरी स्ट्राँग."

तिने पैसे मोजले. नवी वस्तू घेणाऱ्याला तिकडे जे म्हणतात ते दुकानदार सवयीने म्हणून गेला, "गुले गुले कुल्लानिन." म्हणजे, हसतखेळत वापरा.

दुसऱ्या रात्री दीडच्या सुमाराला त्यांना बोलावणे आले. बोळात कुजबुज ऐकून आम्ही दार उघडले. माणशी एकच पिशवी न्यायची होती, म्हणून दोन पातेली आणि साबणाची वडी तिने आमच्या दारात ठेवली. मुलगी झोपेत होती, तिला दिराने खांद्यावर घेतले. वन्संनी तिच्या पायांतले मोजे वर ओढले आणि मला म्हणाल्या, "तिला सांग, वारा संध्याकाळी असतो, रात्री पडतो." मुलाकडून ऐकलेले तेवढेच त्यांना ठाऊक. मी सांगितले. ती "येस, येस" म्हणाली. खाली एक बंद गाडी उभी होती. मॅनेजर दिवा न लावता दाराशी उभा होता. तो त्या रात्री काहीच बोलला नाही. सकाळी बादलीवाल्या बाईने ती खोली धुतली आणि अकरा वाजता तिथे दुसरे कुटुंब आले.

आठव्या दिवशी जहाज लागले. भाचा आला. काळा ठिक्कर, दाढी वाढलेली. त्याला पाहताच वन्संनी पहिले काय विचारले असेल तर, "जेवलास का?" मॅनेजरने हिशेबातले शेवटच्या दिवसाचे भाडे कापले आणि आम्ही कितीही म्हटले तरी घेतले नाही. आम्ही टॅक्सीत बसलो तेव्हा बादलीवाली बाई रस्त्यापर्यंत आली आणि गाडी हलल्यावर तिने मागे वाटीभर पाणी ओतले. माणूस पाण्यासारखा सुखरूप जावा आणि पाण्यासारखा परत यावा, म्हणून तिकडे तसे करतात. भाचा हसला. मी मागे वळून पाहत होते. मला आठवत होते की त्या रात्री त्यांच्यामागे कुणी पाणी ओतले नव्हते.

पुढे इस्तंबूल पाहिले. ते फार सुंदर आहे, त्याबद्दल पुन्हा केव्हातरी.

२०१६ च्या जानेवारीत एके सकाळी मी वर्तमानपत्र चाळत होते. आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती. इझमीरमध्ये पोलिसांनी एका कारखान्यावर छापा घातला आणि हजाराहून अधिक बनावट जाकिटे पकडली. त्यांत तरंगणारे भरण नव्हते. सामान बांधताना घालतात तसला स्पंज होता. असला स्पंज पाणी पितो आणि जड होतो. कारखान्यात दोन लहान सिरियन मुली काम करताना सापडल्या. शिवण त्यांच्याच हातची होती का कोण जाणे.

पकडली गेली ती जाकिटे निराळी, आम्ही घेतली ती निराळी असू शकतील. कदाचित त्यांचे भरण चांगलेही असेल. तिचा पत्ता मी घेतला नव्हता. तिनेही माझा विचारला नाही. घाईत कुणाच्याच ते लक्षात आले नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सिरियातली राजवट कोसळली आणि माणसे घरी परतू लागली, तेव्हा दूरचित्रवाणीवर हलब दाखवीत, त्यात मी शाळेतल्या बायकांचे चेहरे पाहत बसे. मुलगी आता सतरा-अठराची झाली असेल.

ती बातमी मी वन्संना पुष्कळ दिवस दाखवली नाही. शेवटी दाखवली, तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तू बरोबर नसतीस तरी तिने ती घेतलीच असती. दुकानात दुसरी होती कुठे?"

तेही खरे आहे. पण तिने विचारले मला होते.