एक शिक्का की एक-दोन-तीन?

(चकलांबा, ता. गेवराई येथील कार्यकर्ता शिबिरात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज गायरानाच्या शिबिरात मी मतदानावर बोलणार आहे. कुणाला वाटेल, हे कुठलं मधेच? जरा दमानं ऐका. विषय जमिनीचाच आहे.

आपण जिल्हा परिषदेवर आणि नगरपालिकेवर ज्यांना पाठवतो, ते पुढं विधान परिषदेचा आमदार निवडतात. उस्मानाबाद-लातूर-बीड असा त्यांचा मतदारसंघ आहे. तिथं ते शिक्का मारत नाहीत. उमेदवाराच्या नावापुढं १, २, ३ असे आकडे लिहितात. पहिली पसंती कुणाला, ती बसली नाही तर दुसरी कुणाला, हे सांगतात. पदवीधर आणि शिक्षकांचे आमदार असेच निवडले जातात. राज्यसभा आणि राष्ट्रपतीसुद्धा. म्हणजे शिकलेल्याला आणि पुढाऱ्याला क्रम लावायचा हक्क, आणि वस्तीवरच्या माणसाला नुसता शिक्का. असं का?

आता ग्रामपंचायत बघू. एका वॉर्डात तीन जागा असल्या, की मतंही तीन. हिशोबाला धरा, मतदान झालं ८००. मोठ्या वाड्याच्या पॅनेलमागं ५००. आपण भिल्ल, पारधी, दलित, भूमिहीन मिळून ३००. निकाल काय? पहिली जागा वाड्याची, दुसरी वाड्याची, तिसरीही वाड्याचीच. आपली ३०० मतं असून पंचायतीत आपलं माणूस शून्य.

तुम्ही म्हणाल, राखीव जागा आहे की! आहे, आणि ती राहिलीच पाहिजे. पण त्या जागेवर आपल्यातलं कोण बसणार, हेही ती ५०० मतंच ठरवतात. मग बसलेला माणूस कुणाकडं बघून हात वर करणार? त्याला दोष देऊन भागत नाही. ज्याच्या मतानं तो आला, त्याचाच तो होतो.

आता तेच मतदान पसंतीक्रमानं करू. एक माणूस, एक मत, पण क्रम लावलेलं. तीन जागांसाठी ८०० ला चारनं भागायचं आणि एक मिळवायचा. २०१ झाले. याला कोटा म्हणतात. ज्याची २०१ भरली तो निवडून आला. ५०० मतांत दोन कोटे बसतात, तिसरा बसत नाही. आपल्या ३०० मध्ये एक बसतो. दोन जागा त्यांच्या, एक आपली. आणि आपल्यातलेच दोघं उभे राहिले, एकाला १६० आणि दुसऱ्याला १४० पडली तर? मागं राहिलेला बाद होतो, पण त्याची मतं मातीत जात नाहीत. त्या चिठ्ठ्यांवर दुसरी पसंती ज्याला दिली असेल, त्याच्याकडं ती जातात. आपल्या लोकांनी दुसरी पसंती एकमेकांना दिली, की झाले ३००.

मतदानाच्या रीतीनं फरक पडतो, हे बाबासाहेबांनी कधीच ओळखलं होतं. १९३७ च्या मुंबई इलाख्याच्या निवडणुकीत जास्त जागांच्या मतदारसंघात आपली सगळी मतं एकाच उमेदवाराला देता येत होती. बाबासाहेब मुंबईतून निवडून आले आणि त्याच वर्षी त्यांनी खोती नष्ट करायचं बिल मांडलं. १९५२ साली लोकसभेला दोन जागांच्या मतदारसंघात ही मुभा नव्हती. एका उमेदवाराला एकच मत. बाबासाहेब पडले. पडण्याची कारणं आणखीही होती, पण रीत बदलली होती हे विसरू नका.

एक सावधगिरी सांगतो. जागा एकच असेल, तर नुसता क्रम लावून थोड्यांना जागा मिळत नाही. फार तर मतं फुटून वाया जात नाहीत. १९६९ ला राष्ट्रपतिपदाला गिरी, रेड्डी आणि आपले चिंतामणराव देशमुख असे मुख्य तिघं होते. पहिल्या पसंतीत कुणाचाच कोटा भरला नाही. देशमुखांची मतं दुसऱ्या पसंतीनं वाटली, तेव्हा गिरी आले. पण जागा एकच, म्हणून माणूस एकच. तेव्हा आपली मागणी नीट पाहिजे: वॉर्डात तीन किंवा जास्त जागा आणि पसंतीक्रम, दोन्ही बरोबर. अर्धी मागणी मान्य झाली, तर हाती काही लागणार नाही.

अडचणी आहेत. लिहिता न येणाऱ्यांचं काय? आपल्या आयाबाया नोटेवरचा आकडा ओळखतात, एसटीचा नंबर ओळखतात. निशाणीपुढं १, २, ३ काढायला त्या चार दिवसांत शिकतील. दुसरी अडचण मोठी आहे. अमुकच क्रमानं आकडे टाक, मोजताना तुझी चिठ्ठी ओळखू, असा दम दिला जाईल. म्हणून सगळ्या बूथांच्या चिठ्ठ्या एकत्र कालवूनच मोजणी झाली पाहिजे. मोजणीला वेळ लागेल. लागू द्या. आयर्लंडात १९२० पासून नगरपालिका अशाच निवडतात. यासाठी घटना बदलायला नको. पंचायतीचे आणि पालिकेचे कायदे विधानसभेच्या हातात आहेत.

आता जमीन. १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरान अतिक्रमणं कायम करायचा शासन निर्णय आहे. तरी १-ई ला नोंद नाही म्हणून आपण तहसिलीत खेटे घालतो. तिकडं पंचायत त्याच गायरानावर दुसऱ्याच कामाचा ठराव घेते, आणि आपल्याला कळतं जेसीबी आल्यावर. आपला एक सदस्य आत असला म्हणून बहुमत होत नाही, हे खरं. पण त्याला सभेची नोटीस येते. विषय आधी कळतो. विरोध नोंदवा म्हणून तो सांगू शकतो, ठरावाची नक्कल मागू शकतो. ते कागद पुढं कोर्टात कामी येतात.

म्हणून सुरुवात घरातून करू. आज संध्याकाळी आपली तालुका समिती निवडायची आहे. जागा पाच. चिठ्ठीवर निशाण्या आहेत, पुढं आकडे टाका. मोजणी सगळ्यांसमोर फळ्यावर होईल. बाया मागं बसू नका, पुढं या. ज्याला हिशोब कळणार नाही, त्यानं तिथंच हात वर करून विचारावं. आपल्याला जमलं, की मग मागणीचा ठराव गावोगावच्या ग्रामसभेत मांडू.

जिंदाबाद!