सीमेवर न दिसणारा शत्रू



राष्ट्राची सुरक्षितता म्हटली की सीमा, सैन्य आणि शस्त्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. ती आवश्यकच आहेत. परंतु महापूर, चक्रीवादळे आणि साथीचे रोग यांना सीमा अडवीत नाही, आणि त्यांच्याशी तहही करता येत नाही. जागतिक राजकारणाचे अभ्यासक यांना अपारंपरिक सुरक्षाविषयक धोके म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने १९९४ च्या मानवी विकास अहवालात ‘मानवी सुरक्षितता’ ही कल्पना मांडली. अन्न, आरोग्य, उपजीविका आणि पर्यावरण यांची शाश्वती हीही सुरक्षितताच होय, हे त्या अहवालाचे सूत्र. पुढे सुरक्षा परिषदेनेही २००० मध्ये एड्सवर आणि २००७ मध्ये हवामानबदलावर चर्चा केली.

अशा धोक्याचे राजकीय परिणाम किती दूरवर जातात, याचे उदाहरण भारताच्या शेजारीच आहे. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर ‘भोला’ चक्रीवादळ आदळले. समुद्राच्या लाटांनी वस्त्याच्या वस्त्या धुऊन नेल्या. तीन ते पाच लाख माणसे मृत्युमुखी पडली, असा अंदाज आहे. वादळाची वार्ता हवामान खात्याकडे होती; पण धोक्याची खरी तीव्रता किनाऱ्यावरील झोपडीपर्यंत पोहोचली नाही. मदतकार्यातील दिरंगाईने मूळच्या असंतोषात भर पडली. पुढच्याच महिन्यातील निवडणुकीत अवामी लीगने त्या प्रांतातील १६२ पैकी १६० सर्वसाधारण जागा जिंकल्या. लोकांचा हा कौल डावलला गेला, युद्ध झाले आणि १९७१ मध्ये बांगलादेश अस्तित्वात आला. या घटनांचे मूळ केवळ वादळात नव्हते; परंतु संकटकाळी जनतेची उपेक्षा करणाऱ्या राजवटीचा पाया किती ठिसूळ असतो, हे वादळाने दाखवून दिले.

नव्या राष्ट्राने हा धडा घेतला. १९७२ मध्ये रेडक्रॉसच्या सहकार्याने चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम सुरू झाला. गावचेच स्वयंसेवक निशाणे उभारून, कर्णे व भोंगे वाजवून घरोघरी इशारा देऊ लागले. यश एका दिवसात आले नाही. १९९१ च्या वादळात सुमारे १ लाख ३८ हजार माणसे दगावली. त्यांत स्त्रियांचे प्रमाण अधिक होते. त्यानंतर निवारे वाढले, स्त्री-स्वयंसेवकांची संख्या वाढली. २००७ च्या ‘सिद्र’ वादळात मृतांचा आकडा सुमारे ३,४०० वर आला. ओडिशाचा अनुभवही असाच आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. २०१३ मध्ये ‘फायलिन’ येण्यापूर्वी सुमारे दहा लाख लोकांना सुरक्षित स्थळी हलविण्यात आले, आणि मनुष्यहानी काही डझनांपुरती मर्यादित राहिली.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. त्यामुळे हा प्रश्न महाराष्ट्रालाही परका राहिलेला नाही. उपग्रह इशारा देईल. पण तो शेवटच्या घरापर्यंत पोहोचविणार कोण? वस्तीतील वृद्ध, अपंग आणि गरोदर स्त्रियांची यादी ग्रामपंचायतीत तयार आहे काय? निवारा म्हणून ठरलेल्या शाळेची किल्ली रात्री कोणाकडे असते? मुलांना निवाऱ्याची वाट ठाऊक आहे काय? या प्रश्नांची उत्तरे सरपंच, शिक्षक आणि ग्रामसेवक यांनी संकटापूर्वीच तयार ठेवावयास हवीत. देशाच्या संरक्षणाची एक फळी सीमेवर असते. दुसरी प्रत्येक गावात उभी करावी लागते.