एकट्या स्वाराची तयारी

१६६४च्या जानेवारीत होदिगेरेच्या रानात शिकारीमागे दौडताना शहाजीराजांच्या घोड्याचा पाय वेलीत अडकला, घोडा कोसळला आणि राजांचा अंत झाला. हयात घोड्याच्या पाठीवर गेलेल्या सेनानीची ही गत. तेव्हा ‘माझी मांड पक्की आहे’ एवढ्या भरवशावर एकट्याने रानात शिरणाऱ्याने जरा थांबलेले बरे.

‘सुपरमॅन’ साकारणारा अभिनेता ख्रिस्तोफर रीव्ह मे १९९५मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात एका स्पर्धेत उतरला होता. अडथळ्यापाशी घोडा ऐनवेळी थबकला, रीव्ह पुढे डोक्यावर आपटला आणि मानेचे वरचे मणके मोडले. डोक्यावर हेल्मेट होते, तरीही श्वास बंद पडला. स्पर्धेचे मैदान असल्याने काही मिनिटांत मदत मिळाली, म्हणून तो वाचला आणि २००४पर्यंत जगला. एकट्या स्वाराजवळ नेमकी हीच मिनिटे नसतात.

माथेरानला मोटारींना बंदी, त्यामुळे घोडा तिथले रोजचे वाहन. पर्यटकाच्या घोड्याबरोबर घोडेवाला पायी चालतो. घोडा बुजला की लगाम त्याच्या हाती येतो. सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथून नवा घोडा घरी नेणाऱ्याला मात्र असा सोबती नसतो, आणि हौस तर पहिल्याच दिवशी रपेट मारण्याची! अनोळखी घोड्यावर सुरुवातीचे दिवस तरी कुणाला सोबत घेतल्याशिवाय बसू नये.

धोका खोगिरावरच असतो असे नाही. तबेल्यातही तो असतो. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते, पण शेपटीच्या थेट मागचे आणि कपाळाच्या अगदी समोरचे दिसत नाही. मागून कुणी गुपचूप आले की घाबरून तो लाथ झाडतो. म्हणून खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जवळ जावे. मागून जायचेच असेल तर पुठ्ठ्यावर हात ठेवून अंगालगत जावे, नाहीतर लाथ पोहोचणार नाही इतके लांबून. भिंत आणि घोडा यांच्यामध्ये कोंडून घेऊ नये. खूर साफ करताना जमिनीवर बसू नये, गुडघाही टेकू नये. वाकून उभे राहिले की झटकन मागे सरता येते.

दाव्याचा वेढा हाताला घेणे ही तर सर्वांत घातक सवय. घोडा उधळला की वेढा आवळतो. बोटे तुटतात, माणूस फरफटत जातो. घोडा बांधावा तोही एका झटक्यात सुटेल अशा गाठीने.

काही घोडे तंग आवळताना पोट फुगवतात. चार पावले चालवून तो पुन्हा तपासला नाही, तर चढतानाच खोगीर फिरते. चप्पल रिकिबीतून आरपार जाते आणि पाय अडकतो; टाच असलेला, गुळगुळीत तळाचा बूट हवा. मोबाईल खोगिराच्या पिशवीत नको, अंगावर हवा, कारण स्वार पडल्यावर घोडा पिशवीसकट पसार होतो. कोणत्या वाटेने जाणार आणि केव्हा परतणार, हे घरी सांगून निघावे. ठरल्या वेळेनंतर किती वाट पाहून शोधाला निघायचे, तेही आधीच ठरवावे. घोडा एकटाच परतला, तर मात्र क्षणभरही न थांबता ११२ला फोन करून त्या वाटेने निघावे.

पडून सुखरूप उठलेल्या स्वाराने त्या दिवशी पुन्हा न चढता घोडा चालवतच परत आणावा. आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले, तरी आतला थर दबलेला असू शकतो. ते पुन्हा वापरू नये, नवे घ्यावे.