घरची व शाळेची फुलबाग : निगा आणि राखण
(केंद्रातील प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



कोकणातील घराचे अंगण फुलझाडांवाचून पुरे होत नाही. तुळशीवृंदावनाभोवती अबोली, विहिरीच्या ओलीवर सोनटक्का, गडग्यालगत जास्वंद आणि कण्हेर, दाराशी अनंत किंवा मोगरा, ही मांडणी मंडणगडापासून राजापुरापर्यंत सर्वत्र दिसते. शाळेच्या आवारातील बाग ही या अंगणाची धाकटी बहीणच होय. परंतु जूनमध्ये मुलांनी हौसेने लावलेली रोपे दसऱ्यापर्यंत किती टिकतात, हे पाहू गेल्यास उत्तर पुष्कळदा निराशेचे येते. रोप मेले की मुलाला वाटते, आपल्या हाताला गुण नाही. आणि पुढच्या वर्षी ते मूल मागे उभे राहते. वस्तुतः दोष त्याच्या हाताचा नसतो. राखण कशापासून करावयाची, हेच आधी ठरलेले नसते.

प्रथम पावसाचा विचार करावा. या जिल्ह्यात वर्षाकाठी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. ज्याच्या जिवावर बाग उभी राहते त्याला शत्रू म्हणणे बरे नव्हे. तथापि त्याच्या माऱ्यातून रोप वाचवावेच लागते. जांभ्या मातीतून पाणी झरझर निघून जाते व खताचा कसही आपल्याबरोबर नेते. उलट, हातभर खाली कातळ लागला तर तेच पाणी मुळाशी तुंबते. अबोलीचे ताटवे श्रावणात एकाएकी माना टाकतात, ते बहुधा यामुळेच. याकरिता वाफे जमिनीपासून वीतभर उंच करावेत. उन्हाळ्यात पाण्यासाठी केलेले खोलगट आळे मृगापूर्वी मोडून बुंध्याशी मातीची भर द्यावी. ही एवढीशी गोष्ट. पण तीच बहुतेकांच्या ध्यानातून जाते. पागोळीखाली रोप लावू नये आणि खत एकदम न घालता उघडीप पाहून थोडथोडे द्यावे.

किनाऱ्यालगतच्या गावांत खारा वारा कोवळ्या पानांच्या कडा करपवितो. तेथे समुद्राच्या अंगास कण्हेरीची रांग धरावी. ती वाढेपर्यंत नारळीच्या झावळ्यांचे विणलेले झाप उभे करावेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली व मंडणगड भागांत नारळी-पोफळी उन्मळून पाडल्या. अशा वाऱ्यापुढे कोणताही आधार टिकत नाही, हे मुलांना प्रांजळपणे सांगावे. मात्र नुसते कललेले झाड काठीला केळीच्या सोपाने सैलसर बांधले तर पुन्हा सावरते. २२ जुलै २०२१ च्या महापुराने चिपळुणात घरोघरी गाळ आणला. असा गाळ बुंध्यावर राहू दिल्यास मुळांना हवा मिळेनाशी होते; म्हणून झाडाला प्रथम पाणी नव्हे, तर खोऱ्याचा हात हवा असतो.

आता जनावरांकडे वळू या. सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत रात्री भेकर अंगणापर्यंत येते आणि जास्वंदीचे शेंडे खाऊन जाते. नुकसान कोणी केले हे ओळखणे हा मुलांसाठी एक उत्तम निरीक्षणपाठ आहे. भेकराला वरच्या जबड्यात पुढचे पटाशीचे दात नसतात. त्यामुळे ते शेंडा ओढून तोडते व टोक फाटके राहते. सशाने कुरतडलेली काडी चाकूने कापल्यासारखी तिरपी व स्वच्छ असते. माती नांगरल्यासारखी उलथली असेल तर डुकराचे काम समजावे. वानर मात्र दिवसाढवळ्या येतात आणि कळ्या खुडून निम्म्या टाकून देतात.

यांवर जुना उपाय गडगा आणि त्यावर करवंदीची दाट वई. जुन्या साड्यांचे कुंपण दिसावयास बरे नसले तरी पुष्कळ उपयोगी पडते. मासेमारीचे टाकाऊ जाळे लावावयाचे तर ते जमिनीपासून हातभर वर ठेवावे. नाहीतर साप, धामण त्यात अडकून मरतात. विजेची तार आणि फासकी यांचा विचारही करू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये शिकार हा गुन्हा आहे, आणि डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या सापडल्याचे प्रकार या जिल्ह्यात घडलेले आहेत. विजेची तार तर मूल आणि डुक्कर असा भेद करीत नाही.

किडींच्या बाबतीत घाई अधिक घातक ठरते. जास्वंदीवर कापसासारखा पांढरा थर दिसला की तो पिठ्या ढेकूण समजावा. त्याच्याजवळ मुंग्यांची ये-जा हटकून असते. तो पाझरीत असलेल्या गोड चिकट रसासाठी मुंग्या त्याची राखणच करतात. म्हणून आधी मुंग्यांची वाट तोडावी, किडलेले शेंडे छाटावेत आणि मग साबणाचे पाणी किंवा निंबोळीच्या गराचा अर्क फवारावा. हा अर्क लिटरला ५० ग्रॅम गर या प्रमाणात रात्रभर भिजवून करतात.

पावसाळ्यात गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके पडतात. त्यावर बोर्डो मिश्रण चालते. पोफळीच्या कोळेरोगामुळे ते बागायतदारांच्या परिचयाचे आहेच. त्याच्या शोधाची कथा वर्गात सांगण्याजोगी आहे. फ्रान्समधील बोर्डो प्रांतात रस्त्याकडेची द्राक्षे वाटसरूंनी चोरू नयेत म्हणून मोरचूद व चुना वेलींवर शिंपडीत असत. तेवढ्याच वेली रोगापासून वाचल्या, हे मिलार्डे या शास्त्रज्ञाच्या नजरेस आले आणि १८८५ साली त्याने हा उपाय प्रसिद्ध केला. मात्र हे मिश्रण मोठ्यांनीच करावे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीने विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले. विषाची बाटली शाळेच्या कपाटात असता कामा नये. पावसाळी गोगलगाईदेखील मुलांनी उघड्या हाताने वेचू नयेत.

शिवाय प्रत्येक अळी मारण्याजोगी नसते. २०१५ साली महाराष्ट्राने राज्यफुलपाखरू म्हणून निवडलेली राणी पाकोळी लहानपणी लिंबाची पाने खाते. एखादे लिंबाचे रोप तिच्यासाठी सोडून दिले तर वर्गाला दोन-तीन आठवड्यांचा पाठ फुकट मिळतो.

उरतो मे महिना. पावसातून, भेकरापासून, किडीपासून वाचविलेली बाग शाळेला कुलूप लागताच तहानेने मरते, हा अनुभव अनेक शाळांचा आहे. त्यासाठी सुटीपूर्वी बुंध्याशी पातेऱ्याचा जाड थर द्यावा. प्रत्येक झाडाजवळ बिनझिलईचे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरावे. त्यातून पाणी आपोआप पाझरत राहते. मडक्यावर झाकण मात्र हवेच, कारण उघड्या पाण्यात डास वाढतात. जवळ राहणाऱ्या मुलांच्या पाळ्या लावून यादी पालकांकडे द्यावी. मडकी तीन-चार दिवसांनी भरली तरी चालतात. पहिली पाळी शाळा सुटण्याच्या दिवशी शिक्षकांदेखतच करून घ्यावी.