फोन लागला नाही तर?

रब्बीची सुगी उरकली की आपल्या बचत गटांमध्ये यात्रेचा विषय निघतो. यंदाही निघाला आहे. कुणाला केदारनाथ-बद्रीनाथ करायचं आहे, कुणाच्या मनात अमरनाथ आहे. पैसे वर्षभर साठवले आहेत, गुडघे अजून साथ देत आहेत. मग अडतं कुठं? घरच्यांच्या एका प्रश्नावर. "तिकडं डोंगरात फोन लागत नाही म्हणे. काही झालं तर आम्हाला कळणार कसं?"

गटांचं काम करताना मी दरवर्षी बघते, या एका प्रश्नावर चार-पाच बायकांची नावं यादीतून कमी होतात. घरातले पुरुष निघतात तेव्हा हा प्रश्न कुणी फारसा विचारत नाही. पण प्रश्न खोटा नाही. घरी सासूबाईंची औषधं असतात, कुणाची मुलगी बाळंतपणाला आलेली असते. काळजी दोन्हीकडं असते. म्हणून आज या प्रश्नाचं उत्तर शोधू.

मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत एका सूनबाईंनी सुचवलं, "ताई, टॉवर नसला तरी चालतो असा सॅटेलाइट फोन भाड्यानं मिळतो. मी मोबाइलवर बघितलं. सगळ्यांनी वर्गणी काढून एक घेऊ या की." विचार चांगला होता, कारण अडचणीवर सगळ्यांनी मिळून तोड काढायची हेच तर आपण गटात शिकलो. मग मी त्याची माहिती काढली. ती आज सांगते.

आधी हा फोन चालतो कसा ते बघू. आपला साधा मोबाइल जवळच्या टॉवरशी बोलतो. टॉवर काही किलोमीटरच्या आत पाहिजे आणि मधे डोंगर नको. सॅटेलाइट फोन जमिनीवरच्या टॉवरला विचारतच नाही, तो थेट आकाशातल्या उपग्रहाशी बोलतो. काही उपग्रह विषुववृत्ताच्या वर जवळपास ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात आणि पृथ्वीबरोबरच फिरतात, त्यामुळं ते एका जागी थांबल्यासारखे वाटतात. आपला आवाज तिथवर जाऊन परत खाली यायला पाव सेकंद लागतो. म्हणून या फोनवर बोलताना आपलं वाक्य संपवून जरा थांबावं लागतं, नाहीतर दोघी एकदमच बोलतात.

दुसरी गोष्ट, या फोनला मोकळं आकाश लागतं. छपराखाली, गाडीत, दाट झाडीत तो चालत नाही. विषुववृत्तावरचा उपग्रह आपल्याकडून दक्षिणेच्या बाजूला येतो. तुम्ही खोल दरीत असाल आणि दक्षिणेला उंच कडा असेल, तर हा फोनसुद्धा मुका होतो. म्हणजे हा फोन घेतला की सगळी काळजी मिटली, असंही नाही.

आता भाड्याचं. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात वाळवंटात किंवा डोंगरात जाणारे लोक असा फोन आठवड्याच्या भाड्यानं घेतात. आधी अनामत ठेवायची, भाडं वेगळं द्यायचं, बोलण्याचे पैसे मिनिटावर. त्या सूनबाईंनी मोबाइलवर बघितलं ते हेच असणार. आपल्या देशात मात्र तसं चालत नाही. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन जवळ ठेवणं आणि वापरणं हा गुन्हा आहे. थुराया आणि इरिडियम या परदेशी सेवांच्या फोनना तर बंदीच आहे. फोन जप्त होतो, पोलीस केस होते, अटकही होऊ शकते.

एवढी कडक बंदी कशासाठी? साध्या फोनचा कॉल आपल्या देशातल्या यंत्रणेतून जातो, त्याची नोंद राहते. परदेशी उपग्रहावरचा कॉल परस्पर बाहेर जातो. २००८ साली २६ नोव्हेंबरला मुंबईवर हल्ला झाला, तो आपण कुणीच विसरलेलो नाही. हल्लेखोर ज्या 'कुबेर' नावाच्या मच्छीमार बोटीतून आले, त्या बोटीवर सॅटेलाइट फोन सापडला होता. डोंगराळ आणि सरहद्दीच्या भागात सुरक्षा दलं या बाबतीत किती सावध असतील, याचा अंदाज त्यावरून करा.

म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कुणी एजंट म्हणाला, "मावशी, मी देतो फोन भाड्यानं, परवान्याचं काही लागत नाही," तर त्याला हात जोडा. कुणाचा भाचा आखातात किंवा अमेरिकेत असेल आणि प्रेमानं म्हणाला, "येताना तुमच्यासाठी घेऊन येतो," तर त्यालाही आधीच सांगा, आणू नकोस. खिशात मावणारी, उपग्रहावरून नुसता निरोप पाठवणारी यंत्रं असतात, त्यांनाही हेच लागू आहे. गोव्यात दाबोळीला आणि दिल्लीच्या विमानतळावर परदेशी प्रवाशांना अशा यंत्रांमुळं अडवून पोलिसांकडं देण्यात आलं आहे. २०२५ च्या सुरुवातीला तर विमान कंपन्यांनाच सांगण्यात आलं, की प्रवाशांना ही गोष्ट आधी कळवा.

मग आपल्याकडं कायदेशीर सॅटेलाइट फोन कुणाकडं असतो? २०१७ पासून बीएसएनएल इनमारसॅट या उपग्रहांवरून ही सेवा देतं. तिचं जमिनीवरचं केंद्र गाझियाबादला आहे, त्यामुळं कॉल आपल्या देशातूनच जातो. ती प्रामुख्यानं आपत्ती व्यवस्थापन, पोलीस, सुरक्षा दलं अशांच्या कामी येते. यात आपल्या उपयोगाचं काय? उत्तराखंडात वाटेवर राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची आणि पोलिसांची ठाणी असतात. मोठं संकट आलं आणि टॉवर पडले, तर निरोप निघतो तो अशाच ठिकाणांहून. म्हणून कुठल्याही मुक्कामाला पोहोचलात की पहिल्यांदा विचारून ठेवा, जवळची पोलीस चौकी कुठं आहे, मदत केंद्र कुठं आहे. चहाची टपरी शोधतो तसंच हेही शोधायचं.

आपल्याच राज्यातलं एक उदाहरण सांगते. आपल्या कोळी बांधवांच्या बोटी समुद्रात इतक्या आत जातात, की किनाऱ्यावरचा टॉवर मागं पडतो. घरी बाई वाट बघत बसते. त्यासाठी ३० ऑगस्ट २०२४ ला आपल्या पालघरमध्ये एक योजना सुरू झाली. किनारपट्टीच्या राज्यांतल्या १ लाख बोटींवर टप्प्याटप्प्यानं इस्रोनं तयार केलेलं यंत्र बसवायचं, असं ठरलं. त्यावरून उपग्रहामार्फत दोन्हीकडून छोटे निरोप जातात, संकटात मदत मागता येते. समुद्रात कुणी अडचणीत असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे. आपल्या ज्या भगिनी किनाऱ्यावरून ऐकत असतील त्यांनी मत्स्यव्यवसाय विभागात विचारा, आमच्या बोटीला ते यंत्र कधी मिळणार.

आता यात्रेकडं परत येऊ. सॅटेलाइट फोन हातात नाही, हे ठरलं. मग काय करायचं? निरोपाची घडी आपण घरूनच बसवून निघायची. फोन ही नुसती वस्तू झाली. कुणी, कुणाला, कधी, कुठून कळवायचं, हे ठरलेलं नसेल तर महागडा फोन असूनही गोंधळच होतो.

पहिलं, घरी निरोप घेणारी एकच बाई ठरवा. वीस बायका निघाल्या तर वीस घरांना वीस फोन करायचे नाहीत. गावात राहिलेली गटाची एक मैत्रीण किंवा सचिव सगळ्यांचा निरोप घेईल आणि घरोघरी कळवेल. रेंज दोन मिनिटं आली, तरी तेवढ्यात वीसही घरं निश्चिंत होतात. आणि कॉल लागत नसेल तर साधा एसएमएस टाका. रेंज कमी असताना बोलणं होत नाही, पण एसएमएस बऱ्याचदा निघून जातो.

दुसरं, मुक्कामांचा कागद करा. कुठल्या तारखेला कुठं, तिथं फोन लागण्यासारखा आहे की नाही, हे टूरवाल्याला विचारून लिहून काढा. एक प्रत घरी, एक प्रत प्रत्येकीच्या पिशवीत. त्यावर नाव, गाव, घरचे दोन नंबर, रक्तगट, चालू असलेली औषधं. मोबाइल हरवला किंवा बंद पडला तर आपल्यापैकी कितीजणींना घरचा नंबर पाठ आहे? कागदाला चार्जिंग लागत नाही.

तिसरं, गप्प राहण्याची मुदत ठरवा. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. घरच्यांना सांगून ठेवा, "गौरीकुंडहून चढायला लागलो की उद्या संध्याकाळपर्यंत फोन येईलच असं नाही. तोवर घाबरायचं नाही. त्यानंतरही निरोप आला नाही, तर टूरवाल्याला फोन करायचा, आणि तिथंही काही कळलं नाही तर नियंत्रण कक्षाला." जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे, राज्याचा १०७०.

याची गरज का, ते सांगते. २०१३ च्या जूनमध्ये केदारनाथला महापूर आला, हजारो माणसं गेली. आपल्या महाराष्ट्रातले कितीतरी यात्रेकरू अडकले होते. ५ ऑगस्ट २०२५ ला उत्तरकाशी जिल्ह्यात धराली गावावर पाण्याचा आणि चिखलाचा लोंढा आला, तेव्हाही रस्ता तुटला, फोन बंद पडले आणि आपल्याकडची माणसं गंगोत्रीच्या वाटेवर अडकली. अशा वेळी सरकारी यंत्रणेला पहिल्यांदा लागते ती यादी. कोण, किती जण, शेवटचे कुठं होते. ज्या घरी मुक्कामांचा कागद आहे, ते घर हे सगळं एका फोनमध्ये सांगू शकतं.

चौथं, सिमकार्डाचं. जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये आपल्याकडचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड चालतं. अमरनाथला जाणाऱ्यांनी प्रत्येक टोळीत निदान दोघींचे नंबर आठ-पंधरा दिवस आधी पोस्टपेड करून घ्यावेत. तिथं पोहोचल्यावर यात्रेकरूंसाठी वेगळं सिमही मिळतं, ओळखपत्र जवळ ठेवा. अमरनाथच्या वाटेवर गळ्यात घालायला एक कार्ड देतात, त्यावरून यात्रेकरू कुठवर पोहोचला ते कळतं. ते पिशवीत टाकू नका, गळ्यातच राहू द्या. आणि सगळ्यांची सिम एकाच कंपनीची नकोत, एकीची रेंज गेली तर दुसरीची असते.

पाचवं, चार्जिंग. थंडीत बॅटरी लवकर उतरते, आणि रेंज नसली की फोन टॉवर शोधत राहतो, त्यातही ती संपते. चालताना फोन फ्लाइट मोडवर टाका, अंगाजवळ उबेत ठेवा, ठरल्या वेळी चालू करा. संकटात ११२ लावून बघा. आपल्या कंपनीची रेंज दिसत नसली, तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून तो लागण्याची शक्यता असते.

आणि पैसे भरण्याआधी टूरवाल्याला विचारा, "वाटेत कुणाला काही झालं तर निरोप कसा पोहोचवणार? गाडीबरोबर कोण असेल? त्याचा नंबर काय?" तो म्हणाला, आमच्याकडं सॅटेलाइट फोन आहे, तर परवाना दाखवा म्हणायचं. वीस बायकांचे पैसे एकदम जाणार आहेत, विचारायचा हक्क आपला आहे.

त्या गटाच्या पुढच्या बैठकीत आम्ही हा कागद तयार केला आणि ज्यांच्या घरून नाही म्हणत होते, त्या दोघींच्या घरी तो घेऊन गेलो. एका घरी लगेच हो म्हणाले. दुसऱ्या घरी अजून विचार चालू आहे. पण तिथं आता बोलणं फोन लागेल की नाही यावर अडलेलं नाही, सासूबाईंना वेळेवर औषध कोण देईल यावर आलं आहे. त्यावर तोड काढायला तर अख्खा गट आहे.

तुमच्या गटातून कुणी निघणार असेल, तर येत्या बैठकीच्या इतिवृत्तात हा विषय घ्या आणि निरोप घेणाऱ्या बाईचं नाव त्याच दिवशी लिहून टाका. येते मी. नमस्कार.