हातांचं काय?
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)

आदरणीय गुरुजन, आणि ज्यांना ‘आदरणीय’ म्हटलं तर मागच्या बाकांवरून हशा येईल अशा माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला ‘आयटीतल्या संधी आणि एआय’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. त्या विषयावर बोलू शकणारे आपल्या १९९६च्या बॅचमध्येच सात-आठ जण निघतील, आणि आपल्या मुलांना त्यातलं आपल्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून मी विषय बदलून घेतला. मी एका लेखी परीक्षेबद्दल बोलणार आहे. परीक्षा माझी नव्हती, माझ्या लेकीची होती. आणि विषय होता नाटक.

हसू नका. नाटकाची लेखी परीक्षा, तीही तीन तासांची.

आम्ही गेली चौदा वर्षं इंग्लंडमध्ये, रेडिंगला राहतो. तिकडे सोळाव्या वर्षानंतर दोन वर्षं ए-लेव्हल असतं. आपल्या अकरावी-बारावीसारखंच, फक्त विषय बहुधा तीनच. लेकीने गणित घेतलं, फिजिक्स घेतलं, आणि तिसरा विषय घेतला ‘ड्रामा अँड थिएटर’. मी कॉम्प्युटर सायन्स धरून बसले होते. दीड महिना आमच्या घरात भांडी जरा जास्तच वाजत होती. मी तिला म्हटलं, नाटक हा काय विषय आहे? ते शाळा सुटल्यावर करायचं.

हे कोण म्हणतंय, तर सांगलीची मुलगी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ज्या गावात ‘सीतास्वयंवर’ केलं, जिथे ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन म्हणून शाळेत आपल्याला रांगेने बसवून भाषणं ऐकवली, त्या गावची. लेकीला हे माहीत होतं, कारण मीच तिला कधीतरी अभिमानाने सांगितलं होतं. तिने ते बरोबर वेळेवर काढलं. मी गप्प बसले, पण मनातून गेलं नव्हतं.

तिच्या कॉलेजात एक्यूए या मंडळाचा अभ्यासक्रम होता. त्यात साठ टक्के गुण प्रत्यक्ष नाटक करण्याला, चाळीस टक्के लेखीला. लेखी म्हटल्यावर मला हायसं वाटलं. लेखी परीक्षा म्हणजे आपला प्रांत! मी ताबडतोब एक्सेल उघडलं. पेपर ८० गुणांचा, वेळ १८० मिनिटं, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं. तीन विभाग. पहिला एका नेमलेल्या नाटकावर, २५ गुण. दुसऱ्यात दुसऱ्या नाटकातला उतारा देतात आणि त्यावर तीन उपप्रश्न, ३० गुण. तिसरा विभाग स्वतः पाहिलेल्या एखाद्या प्रयोगावर, २५ गुण. नाटकाची पुस्तकं परीक्षेत जवळ ठेवता येतात, पण कोरी हवीत, त्यात एकही टीप लिहिलेली चालत नाही. मी म्हटलं, पुस्तक जवळ आहे, मग अवघड काय? व्यक्तिरेखांचे स्वभाव, कथानक, आशय, लेखकाची माहिती, सगळ्याची कार्डं करून दिली. रंगीत. तिने ती निमूटपणे पाठ केली.

जानेवारीत सराव परीक्षा झाली. ८० पैकी ३४.

उत्तरपत्रिका मी हातात घेतली. तिच्या शिक्षिकेने समासात अकरा ठिकाणी एकच शब्द लिहिला होता: ‘कसं?’ लेकीने लिहिलं होतं, लॉरा ही लाजाळू आणि हळवी मुलगी आहे. समासात: कसं? नट म्हणून मी तिचं एकटेपण प्रेक्षकांपर्यंत पोचवीन. कसं? दिग्दर्शक म्हणून मी या प्रसंगात तणाव निर्माण करीन. कसं?

मी खरं तर चिडले. वाक्यं माझ्या कार्डांवरची होती! पण रात्री झोप येईना तेव्हा लक्षात आलं की हा शेरा मी स्वतः ऑफिसात रोज लिहिते. एखादा नवा मुलगा बग नोंदवतो आणि लिहितो, ‘स्क्रीन नीट चालत नाही.’ मी ते परत पाठवते. कुठली स्क्रीन, काय दाबलंस, काय व्हायला हवं होतं, काय झालं? ‘नीट चालत नाही’ ही माहिती नव्हे, ती तक्रार झाली. ‘लॉरा हळवी आहे’ हेही तसंच. प्रेक्षकाला हळवेपणा दिसत नाही. त्याला हात दिसतात, पाय दिसतात, दिवा दिसतो, आवाज ऐकू येतो. त्यावरून हळवेपणा काय तो त्याचा त्याने ठरवायचा. या पेपरात गुण असतात ते त्या हातापायांना.

मग आम्ही कार्डं गुंडाळून ठेवली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर रंगमंच मांडला. कॉर्नफ्लेक्सचं खोकं एका बाजूने कापलं. मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या म्हणजे खुर्च्या आणि टेबलं. नाटक होतं इब्सेनचं ‘हेडा गाब्लर’, १८९० सालचं. त्यात तिसऱ्या अंकाच्या शेवटी हेडा एका माणसाच्या पुस्तकाची हस्तलिखित प्रत शेगडीत जाळते. प्रश्न असा, की नेपथ्यकार म्हणून तुम्ही ती शेगडी कुठे ठेवाल? लेकीने ती मागच्या भिंतीला मधोमध ठेवली. दिसायला छान. मी टेबलाच्या उंचीला डोळे आणून पाहिलं आणि म्हटलं, अगं, म्हणजे जाळताना हिची पाठच दिसणार की. मग शेगडी बाजूला आणली, थोडी तिरकी केली, तेव्हा चेहराही दिसला आणि त्याच्यावर जाळाचा उजेड पण पडला. मोबाइलच्या टॉर्चवर केशरी चॉकलेटचा कागद धरून तो उजेडही पाडून पाहिला. मग तिने लिहिलं: शेगडी कुठे, हेडा किती वेळ थांबते, पहिला कागद टाकताना हात कसा, बाकीचे टाकताना कसा, उजेड कुठून, आणि प्रेक्षकाला त्या क्षणी काय वाटावं म्हणून हे सगळं. एवढ्या चार-सहा गोष्टी एका परिच्छेदात आल्या की उत्तर उभं राहत होतं. यात मी एक चूक महिनाभर केली. रंगमंचाचा डावा-उजवा हा नटाचा डावा-उजवा असतो, बघणाऱ्याचा नव्हे. मी सगळं उलटं सांगत होते आणि ठासून सांगत होते.

पण मला खरं सांगायचंय ते दुसऱ्या नाटकाबद्दल. टेनेसी विल्यम्सचं ‘द ग्लास मिनॅजरी’. १९४४ साली शिकागोत पहिल्यांदा झालं. सेंट लुईसमधलं एक छोटं बिऱ्हाड. बाप घर सोडून गेलेला, त्याचा फक्त फोटो भिंतीवर. आई अमांडा, मुलगा टॉम, आणि मुलगी लॉरा, जी पायाने थोडी अधू आहे आणि काचेच्या प्राण्यांत रमलेली आहे. आईने तिला टायपिंगच्या क्लासला घातलंय. पोरीच्या पोटापाण्याची सोय व्हावी म्हणून. आणि आईला कळतं की ही क्लासला जातच नाही. वेगाच्या परीक्षेत घाबरून तिला उलटी झाली, तेव्हापासून ती रोज घरातून निघते आणि बागेत, प्राणिसंग्रहालयात हिंडून परत येते.

लेक म्हणाली, आई, तू अमांडाचं वाच, मी लॉराचं वाचते. मी वाचायला लागले. पन्नास डॉलर फी फुकट गेली म्हणून अमांडा बोलते ना, ते मी अगदी मनापासून वाचलं. माझं तिला पूर्ण अनुमोदन होतं! उद्या आपण नसलो तर या पोरीचं काय, हे त्या बाईने नाही बोलायचं तर कोणी बोलायचं? वाचता वाचता माझा आवाज चढला. लेक पुस्तक खाली ठेवून म्हणाली, ‘आई, तू ॲक्टिंग करत नाहीयेस.’

मी म्हटलं, नाहीच करत.

त्या प्रसंगात अमांडा भिंतीवरचा टाइपरायटरच्या कळांचा तक्ता काढते, क्षणभर बघते आणि फाडते. एवढं लेखकानेच लिहून ठेवलंय. पुढे त्या तुकड्यांचं काय करायचं हे नटीने ठरवायचं. प्रश्न होता, अमांडाबद्दल प्रेक्षकांना राग न येता सहानुभूती वाटावी म्हणून नटी म्हणून तुम्ही काय कराल? लेकीने दुसऱ्या दिवशी उत्तर लिहून माझ्यासमोर ठेवलं. तिची अमांडा तक्ता फाडते. मग तुकडे फेकायला हात उचलते आणि मध्येच थांबते. एका तुकड्याची मागची बाजू कोरी आहे. ती दोन्ही तुकडे टेबलावर ठेवून तळहाताने घडी सपाट करते आणि पर्समध्ये टाकते, कारण चांगला कागद टाकून द्यायची तिला सवय नाही. हे करताना ती लॉराकडे बघत नाही.

मी हे दोनदा वाचलं. आमच्या घरी फ्रिजवर एक चिमटा आहे, त्यात मी बिलांच्या पाकिटांच्या मागच्या कोऱ्या बाजू कापून ठेवते. सामानाची यादी त्यावर होते. माझी आई करायची, म्हणून मी करते. आणि कागद तळहाताने सपाट करते, हे मला स्वतःला माहीत नव्हतं. मी विचारलं, ही मी आहे का? ती म्हणाली, ‘शिक्षिका म्हणतात, जे बघितलंय तेच लिहा.’ आणि चहा करायला उठली.

ज्या दीड महिन्यात मी तिच्याशी धड बोलत नव्हते, त्या दीड महिन्यात ती मला बघत होती. आणि बघून तिने माझी बाजू लिहिली होती.

तिसऱ्या विभागासाठी त्यांच्या वर्गाने ‘वॉर हॉर्स’ पाहिलं होतं. त्यातला मोठा घोडा बाहुला आहे, तीन माणसं मिळून तो चालवतात. त्याबद्दल थोडक्यात सांगते, नाहीतर जेवण गार होईल. ती तीन माणसं आपल्याला सगळा वेळ दिसतात आणि तरी थोड्या वेळाने दिसेनाशी होतात, कारण घोडा श्वास घेतो. कान कधी टवकारतो, पोट कधी खालीवर होतं, हे तिने प्रयोगाहून परत येतानाच गाडीत बसून वहीत उतरवलं होतं, म्हणून चार महिन्यांनी लिहिता आलं. कोणाची मुलं हा विषय घेणार असतील तर एवढं सांगा, त्याच रात्री लिहा.

परीक्षा जूनमध्ये झाली. निकाल ऑगस्टमध्ये लागला. ग्रेड इथे सांगायची नाही अशी मला सक्त ताकीद आहे.

आता शेवटचं, आणि हे बोलायला मला जड जातंय. बाई, तुम्ही पहिल्या रांगेत बसलाय. १९९५ साली, आपण दहावीत असताना, तुम्ही आमची एकांकिका बसवली होती, तुम्हीच लिहिलेली. वाडा विकला जातो आणि आजी शेवटी किल्ल्यांचा जुडगा नव्या मालकाच्या हातात देते. शेवटी संवाद नाही. आजी मी होते. तुम्ही विचारलंत, ‘किल्ल्या देताना काय करशील?’ मी म्हटलं, ‘मी खूप दुःखी होईन.’ तुम्ही म्हणालात, ‘ते झालं गं. पण हातांचं काय?’

मी विचार करून सांगते म्हटलं आणि सांगितलंच नाही. स्पर्धेला अकरा दिवस राहिले असताना मी तुम्हाला घसा बसलाय असं सांगितलं. घसा ठणठणीत होता, बाई. घरात ‘दहावीचं वर्ष आहे’ हे रोज ऐकत होते, आणि पहिल्या घटक चाचणीत भूमितीत गुण कमी पडले होते. मला नाटक सोडायला कोणी सांगितलंही नव्हतं. मीच घाबरले.

माझी भूमिका मग जिने केली ती विंगेत प्रॉम्प्टिंगला होती. अकरा दिवसांत तिने आजी उभी केली. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. भावे नाट्यमंदिरात प्रयोग होता, सगळा वर्ग गेला होता, आणि मी घरी प्रमेयं सोडवत बसले होते. तिला मी कधी ‘कसं झालं’ म्हणूनही विचारलं नाही. तीस वर्षांत आमचं बोलणं म्हणजे ग्रुपवरचं ‘सुप्रभात’ आणि वाढदिवसाचे केक.

ती आज आली आहे. डाव्या बाजूच्या चौथ्या रांगेत, हिरव्या साडीत. डाव्या म्हणजे तुमच्या डाव्या. नाव घेत नाही, ती उठून जाईल. जेवायला माझ्या शेजारी बस गं. मला तुझी माफी तर मागायचीच आहे, पण त्याआधी मला ते ऐकायचंय. किल्ल्या देताना तू हातांचं काय केलंस?